नेटबुकवर मॅकची कार्यप्रणाली : बसविणे एका संध्याकाळचे, टिकविणे अवघड

डेल कंपनीने सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत 'इन्स्पिरॉन मिनी ९' हा छोटा लॅपटॉप बाजारात आणला. पडदा ८.९ इंचांचा, वजन जेमतेम एक किलो आणि लिनक्ससह सुरुवातीची किंमत ३४९ डॉलर. उबुंटू किंवा विंडोज एक्सपी यांपैकी एक कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, ग्राहकाला निवडता येत असे. काही महिन्यांतच अनेक हौशी ग्राहकांनी या दोन्ही पुसून टाकल्या आणि त्यांच्या जागी ॲपलची 'मॅक ओएस एक्स' बसविली. ॲपलचा सर्वांत स्वस्त लॅपटॉप त्या वेळी ९९९ डॉलरला मिळत होता.

डेलने या प्रयोगाला मान्यता दिली नव्हती आणि ॲपलच्या परवान्यात तो बसत नव्हता. तरीही तो यशस्वी झाला. जवळपास वर्षभर ही यंत्रे सुरळीत चालली आणि नंतर एका अद्ययावत आवृत्तीने त्यांपैकी अनेक बंद पाडली. स्वस्त संगणकावर त्याच्यासाठी नसलेली कार्यप्रणाली बसवू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा घटनाक्रम समजून घेण्यासारखा आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' चे नियमित पाठबळ थांबविल्यानंतर हाच प्रश्न वेगळ्या रूपात असंख्य घरांत आणि लहान कार्यालयांत उभा राहिला.

नेटबुकचा उदय

छोट्या व स्वस्त लॅपटॉपची लाट तैवानच्या असुस कंपनीने २००७ च्या अखेरीस आणली. 'ई पीसी ७०१' या तिच्या पहिल्या यंत्राला सात इंचांचा पडदा, ५१२ मेगाबाइट स्मृती आणि अवघी चार गिगाबाइट साठवण होती. कार्यप्रणाली लिनक्सची होती. भारतात एचसीएलने जानेवारी २००८ मध्ये 'मायलीप' ही छोट्या लॅपटॉपची मालिका आणली. तिच्यातील प्राथमिक यंत्र सुमारे १४ हजार रुपयांना होते. त्याच वर्षी इंटेलने 'ॲटम' हा कमी वीज घेणारा प्रोसेसर सादर केला आणि बहुतेक सर्व कंपन्यांची नेटबुके एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसू लागली. ॲटम एन २७० हा १.६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, इंटेलचीच ९४५ मालिकेतील चिप, १०२४ गुणिले ६०० बिंदूंचा पडदा आणि एक गिगाबाइटच्या आसपास स्मृती, हा तो साचा होता.

ॲपलने या बाजारात उतरण्यास नकार दिला. कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी ऑक्टोबर २००८ मध्ये गुंतवणूक विश्लेषकांशी बोलताना, ५०० डॉलरपेक्षा कमी किमतीत टाकाऊ नसलेला संगणक कसा बनवावा हे आपल्या कंपनीला ठाऊक नाही, अशा आशयाचे विधान केले होते. मॅक हवा, पण त्याची किंमत परवडत नाही किंवा इतका लहान मॅक मिळतच नाही, अशा ग्राहकांनी यावर आपल्या परीने उत्तर शोधले.

तांत्रिक साम्य

दहा वर्षे आधी असा प्रयोग जवळजवळ अशक्य होता. ॲपलचे संगणक तेव्हा पॉवरपीसी या निराळ्या घराण्यातील प्रोसेसरवर चालत. जून २००५ मध्ये ॲपलने इंटेलकडे वळण्याचा निर्णय जाहीर केला आणि जानेवारी २००६ पासून इंटेलचे मॅक बाजारात आले. त्या दिवसापासून मॅक आणि इतर संगणक यांच्या अंतर्भागात मूलभूत फरक फारसा उरला नाही.

नेटबुकच्या बाबतीत हे साम्य आणखी जवळचे होते. २००६ च्या पहिल्या मॅकबुकमध्ये चित्रांचे काम 'जीएमए ९५०' हा इंटेलचा भाग करीत असे. ॲटम एन २७० सोबत येणाऱ्या चिपमध्ये हाच भाग होता. त्यामुळे त्याला चालविणारा ड्रायव्हर, म्हणजे कार्यप्रणाली आणि यंत्राचा सुटा भाग यांच्यातील दुभाष्या, ॲपलनेच आधी लिहून ठेवलेला होता. मिनी ९ मध्ये हा जुळून येण्याचा योग इतर नेटबुकांपेक्षा अधिक होता. त्याचे वाय-फाय कार्ड मॅक ओएस एक्स सहज ओळखत असे. याउलट एमएसआय कंपनीच्या 'विंड' या लोकप्रिय नेटबुकातील रिअलटेकचे कार्ड ओळखले जात नसे. त्याच्या मालकांना मागचे झाकण उघडून दुसरे कार्ड बसवावे लागे. एकच प्रोसेसर, एकच चिप, तरीही एका सुट्या भागामुळे दोन यंत्रांचे भवितव्य वेगळे ठरत होते.

नेटबुकचा मालक खरेदीच्या वेळी सहसा प्रोसेसर आणि किंमत पाहतो. परकी कार्यप्रणाली बसविताना मात्र वाय-फाय, ध्वनी आणि टचपॅड यांचे नेमके उत्पादक कोण, हे प्रोसेसरच्या वेगापेक्षा अधिक महत्त्वाचे ठरते.

प्रत्यक्ष काम

पहिली अडचण संगणक सुरू होण्याच्या क्षणालाच येत असे. मॅक सुरू होताना ईएफआय ही व्यवस्था यंत्राचा ताबा कार्यप्रणालीकडे सोपविते. त्या काळच्या नेटबुकांत मात्र १९८० च्या दशकापासून चालत आलेली बायोस ही जुनी व्यवस्था होती. मॅक ओएस एक्स बायोसशी बोलू शकत नाही. म्हणून हौशी प्रोग्रामरांनी एक मधला प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर, तयार केला. तो बायोसकडून ताबा घेई आणि कार्यप्रणालीसमोर आपण ईएफआय असल्याचे भासवी.

दुसरी अडचण ॲपलने जाणीवपूर्वक निर्माण केलेली होती. मॅकच्या 'फाइंडर' आणि 'डॉक' यांसारख्या मूलभूत प्रोग्रामांचा काही भाग सांकेतिक स्वरूपात ठेवलेला असे. तो उलगडण्याची किल्ली मॅकमधील एका खास चिपमध्ये असे. या संरक्षक घटकाला ॲपलने दिलेले नाव 'डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स' असे होते. इतकी स्पष्टोक्ती संगणकाच्या फाइलींच्या नावात सहसा आढळत नाही. नेटबुकमध्ये ती चिप नसल्याने तिची नक्कल करणारा आणखी एक प्रोग्राम लागे.

या दोन अडथळ्यांनंतरचे काम चिकाटीचे होते. नेटबुकला डीव्हीडी ड्राइव्ह नसे. त्यामुळे १२९ डॉलरला मिळणाऱ्या 'लेपर्ड' आवृत्तीच्या डीव्हीडीची प्रत आठ गिगाबाइटच्या पेन ड्राइव्हवर घ्यावी लागे. लेपर्डला किमान नऊ गिगाबाइट जागा हवी होती आणि मिनी ९ च्या स्वस्त नमुन्यात चार किंवा आठ गिगाबाइटच साठवण होती. परिणामी १६ गिगाबाइटचा नमुना घेणे किंवा वेगळा साठवण संच विकत घेऊन बसविणे भाग पडे. स्मृतीची पट्टी बदलून ती दोन गिगाबाइटपर्यंत नेता येत असे आणि बहुतेक जण ते करीत. मूळ ३४९ डॉलरमध्ये हे सर्व खर्च मिळविले, तर स्वस्ताईचा बराचसा भाग तेथेच संपत असे. या प्रयोगाच्या कौतुकात हा हिशेब बहुधा मागे पडला.

कार्यप्रणाली सुरू झाल्यावरही बारीकसारीक त्रास शिल्लक राहत. झाकण मिटल्यावर यंत्राने झोपी जावे आणि उघडल्यावर जागे व्हावे, ही साधी अपेक्षा पूर्ण होण्यासाठी वीजव्यवस्थापनाचा तक्ता दुरुस्त करावा लागे. पडदा ६०० बिंदू उंचीचा, तर मॅकच्या काही खिडक्या त्याहून उंच. अशा वेळी खिडकीच्या तळाशी असलेले 'ओके' चे बटण पडद्याच्या खाली गडप होई आणि वापरणाऱ्याला अंदाजाने एंटर कळ दाबावी लागे.

असे असले तरी मिनी ९ वर मॅक ओएस एक्स खऱ्या अर्थाने वापरता येत होती. हौशी मंडळींनी सर्व पायऱ्या आपोआप पार पाडणारे संच तयार केले आणि सुरुवातीला अनेक दिवस घेणारे काम एका संध्याकाळवर आले.

नोव्हेंबर २००९

ॲपलने २८ ऑगस्ट २००९ रोजी 'स्नो लेपर्ड' ही १०.६ क्रमांकाची आवृत्ती आणली. लेपर्ड वापरणाऱ्यांसाठी तिची किंमत केवळ २९ डॉलर होती. नेटबुकांवर तीही चालली. त्यानंतर ९ नोव्हेंबर रोजी १०.६.२ ही दुरुस्ती आवृत्ती प्रसिद्ध झाली. मॅकच्या मालकांसाठी ती नेहमीसारखी, दोष दूर करणारी होती. ज्यांनी ती नेटबुकवर घेतली त्यांचे यंत्र मात्र सुरू होताहोताच बंद पडू लागले.

कार्यप्रणालीच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. सुरू होताना तो प्रथम आपण कोणत्या प्रोसेसरवर आहोत हे तपासतो. १०.६.२ च्या कर्नेलमधून ॲटमचे पाठबळ काढून टाकण्यात आले होते. ॲपलच्या एकाही संगणकात ॲटम नव्हता, त्यामुळे कंपनीच्या अधिकृत ग्राहकांपैकी कोणालाही या बदलाचा उपद्रव झाला नाही. हेतू काहीही असो, ज्या प्रोसेसरचे पाठबळ कधी जाहीरच केले नव्हते ते काढून घेताना कोणाला सूचना देण्याचे बंधन कंपनीवर नव्हते.

यावरही तोड निघाली. मॅक ओएस एक्सच्या कर्नेलची मूळ संहिता ॲपल मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध करीत असे. तिच्यात बदल करून स्वयंसेवकांनी ॲटम ओळखणारा कर्नेल बनविला आणि वाटला. परंतु येथून पुढे नेटबुकच्या मालकाची स्थिती पालटली. ॲपलची प्रत्येक सुरक्षा दुरुस्ती आली की ती घ्यावी की थांबावे, हा निर्णय त्यालाच करावा लागे. घेतली तर यंत्र बंद पडण्याची भीती, न घेतली तर ज्ञात दोष उघडे ठेवल्याची. शिवाय अनोळखी व्यक्तीने बनविलेला कर्नेल वापरणे म्हणजे संगणकातील प्रत्येक पासवर्ड आणि प्रत्येक कागद तिच्या विश्वासावर सोडणे. बँकेचे व्यवहार करणाऱ्या यंत्रासाठी ही जोखीम लहान नाही.

अखेरचा अडथळा मात्र ओलांडता येण्यासारखा नव्हता. जुलै २०११ मध्ये आलेल्या 'लायन' आवृत्तीला ६४ बिट प्रोसेसर आवश्यक होता. ॲटम एन २७० हा ३२ बिट प्रोसेसर आहे. मिनी ९ चा मॅक म्हणून प्रवास स्नो लेपर्डवरच थांबला.

परवान्याचा प्रश्न

लेपर्डच्या परवान्यात कार्यप्रणाली केवळ 'ॲपलचे नाव असलेल्या' संगणकावर बसविण्याची मुभा होती. डीव्हीडी दुकानातून रीतसर विकत घेतली असली तरी ही अट लागू होती. ग्राहक प्रोग्राम विकत घेत नाही, तो वापरण्याची परवानगी घेतो, ही त्यामागची भूमिका आहे.

या भूमिकेची कसोटी सायस्टार या फ्लोरिडातील कंपनीच्या प्रकरणात लागली. एप्रिल २००८ पासून ही कंपनी मॅक ओएस एक्स बसविलेले स्वतःचे संगणक विकू लागली. ॲपलने जुलै २००८ मध्ये दावा दाखल केला. कॅलिफोर्नियातील संघराज्य न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये, म्हणजे १०.६.२ आली त्याच आठवड्यात, स्वामित्वहक्काचा भंग झाल्याचा निर्णय दिला. तांत्रिक संरक्षण भेदल्याचाही ठपका कंपनीवर ठेवण्यात आला. डिसेंबरमध्ये विक्रीवर कायमची बंदी आली आणि सप्टेंबर २०११ मध्ये अपील न्यायालयाने ॲपलच्या बाजूने कौल कायम ठेवला.

हा खटला विक्रेत्याविरुद्ध होता. घरी एकट्याने प्रयोग करणाऱ्या व्यक्तीची बाब न्यायालयासमोर नव्हती. तथापि परवान्याचा भंग घरात केल्याने तो भंग राहत नाही, असे म्हणता येणार नाही. भारतातही स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आले असून, हक्कभंगाच्या उद्देशाने तांत्रिक संरक्षण भेदणे हा त्यान्वये गुन्हा आहे. लिनक्ससारख्या मुक्त कार्यप्रणालीबाबत हा प्रश्नच उद्भवत नाही. मिनी ९ खरेदी करताना मिळणारा उबुंटू पुसून टाकणाऱ्यांनी तांत्रिक कटकटीबरोबर कायद्याची अडचणही स्वतःहून ओढवून घेतली होती, असे म्हणावे लागते.

विंडोज ११ आणि तोच पेच

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२१ मध्ये 'विंडोज ११' आणताना यंत्राविषयीच्या अटी कडक केल्या. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, चार गिगाबाइट स्मृती, ६४ गिगाबाइट साठवण आणि मान्य यादीतील प्रोसेसर असणे आवश्यक ठरले. इंटेलच्या कोअर मालिकेत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. याचा सर्वाधिक फटका स्वस्त लॅपटॉपना बसला. उदाहरणादाखल, एचपीने २०१४ मध्ये सुमारे २०० डॉलरला आणलेल्या 'स्ट्रीम ११' मध्ये दोन गिगाबाइट स्मृती आणि ३२ गिगाबाइट साठवण होती. मिनी ९ मध्ये दोन्ही बदलता येत होते. नंतरच्या अनेक स्वस्त लॅपटॉपमध्ये ती मुख्य पट्टीवर कायमची जोडलेली असते.

अमान्य यंत्रावर विंडोज ११ बसविण्याच्या युक्त्या पहिल्या वर्षापासून उपलब्ध झाल्या. त्यांपैकी एक, रजिस्ट्रीतील एका नोंदीची, खुद्द मायक्रोसॉफ्टनेच २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. सोबत इशाराही होता, की अशा संगणकांना पुढील दुरुस्त्या मिळण्याची हमी नाही. बऱ्याच जणांनी युक्ती वाचली आणि इशारा सोडून दिला. व्यवहारात मासिक सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहिल्या, मात्र मोठी वार्षिक आवृत्ती अशा यंत्रांना सहसा आपोआप येत नाही, ती मालकाने हाताने बसवावी लागते.

त्यानंतर नोव्हेंबर २००९ ची आठवण करून देणारी घटना घडली. २०२४ मधील '२४एच२' या आवृत्तीच्या कर्नेलला प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ हा आज्ञासंच असणे अनिवार्य झाले. तो नसलेले जुने प्रोसेसर, ज्यांवर त्याआधीची विंडोज ११ युक्तीने चालत होती, नव्या आवृत्तीत सुरूच होईनासे झाले. टीपीएमची अट हा केवळ एक पहारा होता, त्याला चकविता येत होते. प्रोसेसरमध्ये नसलेली आज्ञा मात्र कोणत्याही युक्तीने आणता येत नाही. अधिकृत पाठबळाशिवाय काही बसविताना आपल्यासमोरचा अडथळा यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे, हे आधी तपासणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

विंडोज १० वरच थांबू इच्छिणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची योजना जाहीर केली. तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ही ठेवण्यात आली.

मॅकच्या बाबतीत वाट आणखी अरुंद झाली आहे. ॲपलने २०२० पासून स्वतःच्या प्रोसेसरकडे स्थलांतर सुरू केले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली 'टाहो' ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्याचे जाहीर केले. इंटेलच्या मॅकशी असलेल्या ज्या साम्यामुळे मिनी ९ चा प्रयोग शक्य झाला, ते साम्यच यापुढील आवृत्त्यांत राहणार नाही.

जुना छोटा लॅपटॉप हाती असेल तर

पाठबळ संपलेल्या यंत्रासाठी लिनक्स हा पर्याय नेहमी सुचविला जातो आणि तो बहुतांशी योग्यही आहे. मात्र तेथेही यंत्रनिहाय फरक पडतात. २०१३-१४ च्या सुमारास आलेल्या काही स्वस्त टॅबलेट आणि लॅपटॉपमध्ये प्रोसेसर ६४ बिट, पण सुरुवातीची व्यवस्था ३२ बिट, असा विचित्र संयोग आहे. अशा यंत्रावर नेहमीचा ६४ बिट लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावला तर तो सुरूच होत नाही आणि मालकाला यंत्र बिघडल्याचा भास होतो. डेबियनसारख्या काही मोजक्या लिनक्सने या संयोगाची सोय ठेवलेली आहे. सी-डॅकने भारतात विकसित केलेली 'बॉस' ही कार्यप्रणालीही डेबियनवरच आधारित आहे. गूगलची 'क्रोम ओएस फ्लेक्स' ही २०२२ पासून उपलब्ध असून तिला ६४ बिट प्रोसेसर आणि चार गिगाबाइट स्मृती लागते. त्यामुळे दोन गिगाबाइटचे लॅपटॉप तिच्याही कक्षेबाहेर राहतात.

सुदैवाने लिनक्सची पारख काहीही न पुसता करता येते. बहुतेक प्रकार पेन ड्राइव्हवरूनच सुरू होतात आणि साठवणीला हात न लावता चालतात. त्या अवस्थेत वाय-फाय जोडून पाहावे, एखादा व्हिडिओ आवाजासह चालवावा, झाकण मिटून पुन्हा उघडावे आणि पडद्याचा प्रकाश कमी-जास्त होतो का ते पाहावे. या चार गोष्टी जमल्या तर बाकीच्या बहुधा जमतात. कार्यप्रणाली प्रत्यक्ष बसविण्यापूर्वी कागदपत्रे आणि छायाचित्रे यांची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी, कारण साठवणीची विभागणी बदलताना झालेली चूक सहसा दुरुस्त होत नाही. विंडोजमध्ये साठवण सांकेतिक केलेली असल्यास तिची किल्ली आधी लिहून घेणेही आवश्यक आहे.

राहिला प्रश्न मिनी ९ आणि त्याच्या पिढीतील ॲटम नेटबुकांचा. उबुंटूने ३२ बिट संगणकांसाठी डेस्कटॉप संच देणे २०१७ मध्येच थांबविले. डेबियनच्या ऑगस्ट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीतही अशा यंत्रांसाठी नव्याने बसविण्याची सोय उरलेली नाही. डेबियन १२ मात्र त्यांच्यावर बसते आणि तिच्या दीर्घकालीन सुरक्षा दुरुस्त्यांची मुदत जून २०२८ पर्यंत आहे.